जुन्या ट्रकचे दुखणे



या पानावर मी एरवी टोमॅटोवरचा करपा, कांद्यावरचे फुलकिडे, ठिबकच्या नळ्या असल्या विषयांवर लिहितो. ट्रकवर लिहिण्याचा माझा अधिकार तसा काही नाही. कृषी महाविद्यालयात शेती अवजारांचा एक विषय होता, त्यात डिझेल इंजिन खोलून पुन्हा जोडायला शिकवले होते. त्याआधी लहानपणी वडिलांच्या हाताखाली विहिरीवरच्या इंजिनला हँडल मारले होते. एवढेच माझे भांडवल. पण हल्ली गावोगाव फिरताना दिसते की व्यापाऱ्याच्या गाडीची वाट बघायला नको म्हणून तीन-चार एकरवाली घरेसुद्धा जुनी मालाची गाडी घेऊ लागली आहेत. नवी झेपत नाही, म्हणून दहा-बारा वर्षे चाललेली घेतात. आमच्याच घरात हे घडले. जसे घडले तसे सांगतो. गाडीच्या कंपनीचे नाव सांगत नाही, कारण दोष गाडी बनवणाऱ्याचा नव्हता.

माझा धाकटा भाऊ जुन्नर तालुक्यात आळेफाट्याजवळ आमची वडिलोपार्जित साडेतीन एकर जमीन करतो. टोमॅटो, कांदा आणि थोडा चारा. २०२४ च्या पाडव्याला त्याचा फोन आला, "दादा, गाडी घेतली. नारळ फोडायला या." मी विचारले, "कुठली, कधीची, कुणाला दाखवली?" तो म्हणाला, "सहा चाकी छोटा ट्रक आहे. २०१२ चं मॉडेल. एजंटनं चालवून दाखवली, एका सेल्फमध्ये चालू झाली." किंमत सव्वाचार लाख. भावजयीच्या पाटल्या मोडल्या, एक दुभती गाय विकली आणि उरलेले पतसंस्थेकडून घेतले. मला आधी विचारले नाही याचा राग आला, पण सणाच्या दिवशी बोललो नाही. नारळ फोडला, पेढा खाल्ला आणि परतलो.

"एका सेल्फमध्ये चालू झाली" हे वाक्य मात्र डोक्यात राहिले. एजंटने गाडी दाखवली ती दुपारी अकरा वाजता, आणि त्याच्या आवारात ती सकाळी कुणी चालवली होती की नाही हे कुणी पाहिले नव्हते. गरम इंजिन चालू होणारच. बैल घेताना आपण दात बघतो, चार पावले चालवतो, खुरे उचलून पाहतो. गाडी घेताना मात्र नवा रंग आणि हौद्यावरची फुले बघून आपण पैसे मोजतो. डिझेल गाडी पहाटे, रात्रभर उभी असलेली, गार इंजिनची बघावी. बोनेट किंवा केबिन उचलून इंजिनला हात लावावा. कोमट लागले तर त्या दिवशी सौदा करू नये.

डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते, म्हणून गार इंजिनची परीक्षा महत्त्वाची. सायकलला हवा भरताना पंपाचा खालचा भाग तापतो, तो आपण सगळ्यांनी हाताने अनुभवला आहे. डिझेल इंजिनात पिस्टन हवा तशीच दाबतो, पण फार जोराने. साधारण सतरा-अठरा भाग हवेचा एक भाग होतो आणि ती पाचशे अंशांच्या वर तापते. त्या तापलेल्या हवेत नॉझल डिझेलचा बारीक फवारा मारते आणि तो आपोआप पेटतो. तेव्हा इंजिनला तीन गोष्टी लागतात: पुरेशी हवा, ती नीट दाबली जाणे, आणि वेळेवर स्वच्छ डिझेल. रिंगा झिजल्या असतील तर गार इंजिनात हवा निसटते, ती पुरेशी तापत नाही, आणि गाडी दहा-दहा वेळा सेल्फ मारूनही घरघरत राहते.

एप्रिल-मे हे दोन महिने बरे गेले. खताच्या गोण्या, शेजाऱ्यांचा कांदा, एका लग्नाचे मांडवाचे सामान अशी जवळपासची भाडी मिळाली. डिझेल लागेल तसे पाचशे-हजाराचे टाकायचे. गाडी अधूनमधून बंद पडे, पण थोडे थांबले की चालू होई. भावाने ते मनावर घेतले नाही.

जूनमध्ये टोमॅटोची तोडणी सुरू झाली. बाजार बरा होता. नारायणगावला माल टाकण्याऐवजी थेट वाशीला न्यायचा असे बापलेकांनी ठरवले. वीस किलोचे एकशे दहा क्रेट भरले, लांबचा प्रवास म्हणून टाकी काठोकाठ भरून घेतली, आणि रात्री निघाले. कल्याणच्या रस्त्याने माळशेज उतरून जायचे होते. ओतूरच्या अलीकडे गाडीने दोनदा आचका दिला आणि उसाच्या फडाशेजारी ती उभी राहिली. जुन्नर तालुक्यात रात्री उसाशेजारी उभे राहणे म्हणजे काय, हे तिकडच्या माणसाला सांगायला नको. आमच्याकडे बिबट्या उसातच वितो. पुतण्या केबिनच्या काचा लावून आत बसला आणि भाऊ बॅटरी हातात धरून इंजिनशी झटत होता. अर्ध्या तासाने गाडी चालू झाली, पुन्हा बारा-तेरा किलोमीटरवर बंद. असे करत वाशीला पोचेपर्यंत बाजार उलगडला होता. जो माल पहिल्या भावात जायचा तो उरलेल्या भावात गेला.

पंप गेला, नॉझल गेले

गावच्या गॅरेजमध्ये नेल्यावर मिस्त्रीने ऐकून घेतले आणि सांगितले, "नॉझल गेलेत." चारही नॉझल काढून तपासायला पाठवले, दोन बदलले. नऊ हजार रुपये झाले. गाडी परत बंद. मग म्हणाला, "पंप गेला. पंप उतरवून पंपवाल्याकडे द्यावा लागेल, तीस-बत्तीस हजार धरून चला." तेव्हा भावजयीने मला फोन केला. भावाने नाही. ती म्हणाली, "दादा, तुम्ही या. हे आता गोठ्यातली दुसरी गाय काढायच्या गोष्टी करायला लागलेत."

मिस्त्री लबाड होता असे मी म्हणणार नाही. त्याला जेवढे सांगितले तेवढ्यावर त्याने अंदाज केला. माझ्याकडे शेतकरी येतात आणि म्हणतात, "साहेब, पानं पिवळी पडली, औषध सांगा." पाने पिवळी पडायला नत्र कमी असू शकते, लोह कमी असू शकते, मुळात पाणी साचलेले असू शकते, सूत्रकृमी असू शकतात. कोणती पाने, जुनी की कोवळी, शिरा हिरव्या आहेत का, शेतात सगळीकडे की एका कोपऱ्यात, हे विचारल्याशिवाय औषध सांगणे म्हणजे चिठ्ठी उचलणे. "गाडी बंद पडते" हेही तसेच आहे.

म्हणून शनिवारी गेल्यावर मी पाना हातात घेतला नाही. पुतण्याच्या कॉलेजची एक वही घेतली आणि त्याला बसवून प्रत्येक वेळची गोष्ट लिहून काढली. गाडी कधी बंद पडली, निघाल्यापासून किती किलोमीटरवर, भरलेली होती की रिकामी, चढ होता की सपाट, इंजिन गरम होते का, टाकीत डिझेल किती होते, किती वेळाने चालू झाली. पोराची स्मरणशक्ती चांगली. तासाभरात अकरा वेळांची नोंद झाली.

ती वाचताना एक विचित्र गोष्ट दिसली. टाकी अर्धी असायची तेव्हा गाडी चाळीस-पन्नास किलोमीटर जायची आणि मग आचके द्यायची. टाकी काठोकाठ भरली की बारा-पंधरा किलोमीटरवर बंद. ओझ्याशी किंवा चढाशी फारसा संबंध नाही. आणि दर वेळी वीस मिनिटे ते अर्धा तास थांबले की आपोआप बरी. पंप झिजला असता किंवा नॉझल बिघडले असते तर त्याला टाकीत डिझेल किती आहे याच्याशी काय देणेघेणे? उलट, भरल्या टाकीत जास्त त्रास म्हणजे दुखणे इंजिनात नाही, टाकीतच आहे.

मी म्हणालो, टाकीचे झाकण उघडताना कधी आवाज येतो का? बापलेक एकमेकांकडे बघायला लागले. भावजय चुलीपुढून म्हणाली, "येतो की. कॅनमधून डिझेल ओतायचं काम माझ्याकडंच असतं. झाकण फिरवलं की सूंऽऽ करून वारा आत जातो. लोणच्याच्या बरणीसारखा."

उठलो आणि झाकण काढले. झाकण मूळचे नव्हतेच, कुठल्यातरी दुसऱ्या गाडीचे बसवलेले. ते सैल बसत होते म्हणून आधीच्या मालकाने त्याखाली प्लॅस्टिकची जाड पिशवी दुमडून घट्ट दाबली होती, डिझेल हिंदकळून सांडू नये म्हणून. टाकीतले डिझेल जसे खर्च होते तशी त्या जागी बाहेरची हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीक वाट ठेवलेली असते, किंवा टाकीला वेगळी श्वासनळी असते. आमच्या गाडीला ती वाट झाकणातूनच होती आणि पिशवीने ती बंद झाली होती. मग टाकीत हवा विरळ होते आणि फीड पंपाला डिझेल ओढता येत नाही. टाकी भरलेली असेल तर वर हवेची जागा जेमतेम चार-पाच लिटरची, त्यातून लिटर-दीड लिटर डिझेल गेले की ओढ एकदम वाढते. अर्ध्या टाकीत हवेचा साठा मोठा असतो, म्हणून तीच ओढ तयार व्हायला जास्त अंतर लागते. गाडी उभी राहिली की कुठल्यातरी फटीतून हळूहळू हवा शिरते आणि अर्ध्या तासाने गाडी शहाण्यासारखी चालू होते.

पिशवी काढली आणि झाकणाखाली तात्पुरते फडके गुंडाळून टाकी भरून आम्ही तिघे नारायणगावला जाऊन आलो. गाडी एकदाही आचकली नाही. भाऊ गप्पच होता. परतताना एवढेच म्हणाला, "नऊ हजार गेले की ओ."

मात्र पिशवी हे अर्धेच कारण होते. दुसऱ्या दिवशी टाकी उतरवून रिकामी केली तेव्हा तळातून गंज, चिखल आणि पेलाभर पाणी निघाले. आतली शोषनळीची जाळी निम्मी बुजलेली होती. जाळी स्वच्छ असती तर झाकण बंद असूनही गाडी कदाचित आणखी लांब गेली असती. डिझेलमध्ये पाणी येते ते पंपावरूनच येते असे नाही. टाकी महिनोन्महिने अर्धी राहिली की रात्रीच्या गारव्याने वरच्या रिकाम्या पत्र्याला आतून दव सुटते. आपण फवारणीचे कॅन वापरतो, उघडे पिंप ठेवतो, त्यातूनही येते. डिझेलचा कॅन वेगळा ठेवावा, त्यावर रंगाने खूण करावी आणि कापडातून गाळून ओतावे. फिल्टरच्या खाली पाणी सोडण्याचा स्क्रू असतो, तो पंधरवड्यातून एकदा सैल करून स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडावे. पाणी आत गेले तर पंपाचे आणि नॉझलचे बारीक घासून बसवलेले भाग गंजतात. मग मात्र मिस्त्रीचे बत्तीस हजार खरे होतात.

टाकी किंवा फिल्टर खोलला की नळ्यांत हवा शिरते आणि गाडी चालू होत नाही. विहिरीवरचे इंजिन ज्यांनी चालवले आहे त्यांना हे माहीत आहे. फिल्टरवरचा हवा सोडण्याचा स्क्रू सैल करायचा, हाताचा पंप दाबत राहायचे, फेस संपून बुडबुड्याशिवाय डिझेल आले की पंप दाबता दाबताच स्क्रू आवळायचा. जोडावरची तांब्याची वायसर दर वेळी नवी घालावी, पाच-दहा रुपयांसाठी जुनी घालू नये. हे सांगितले ते जुन्या, साध्या पंपाच्या गाड्यांसाठी. २०२० सालापासूनच्या बीएस-६ गाड्या, आणि त्याआधीच्याही ज्यांत संगणकावर चालणारा उच्च दाबाचा पंप आहे त्या, घरी खोलू नयेत. त्यांच्या नळीतला दाब इतका असतो की बारीक चिरेतून उडालेली धार कातडीत घुसते. असे झाले तर जखम टिचभर दिसली तरी ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जावे.

धुराकडे पाहा

गाडी चढावर काळा धूर टाकायची, त्याचे कारण हवेच्या फिल्टरमध्ये सापडले. तो झटकला तर ओंजळभर माती निघाली. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी, किंवा नॉझल नीट फवारत नाही. निळसर धूर म्हणजे इंजिनचे ऑईल जळते आहे. पांढरा धूर गार सकाळी क्षणभर आला तर चिंता नाही, पण इंजिन तापल्यावरही येत राहिला आणि रेडिएटरमधले पाणी कमी होत असेल तर हेडच्या गॅस्केटचा संशय घ्यावा. इंजिन गार असताना रेडिएटरचे झाकण काढून गाडी चालू करावी. पाण्यात सतत बुडबुडे येऊ लागले, किंवा ऑईलच्या काडीवर दुधाळ चहासारखा रंग दिसला, तर गाडी घेण्याचा विचार सोडावा, आणि घेतली असेल तर तिथेच बंद करावी. गरम रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये. आमच्या गाडीला ऑईल भरण्याच्या तोंडातून थोडी वाफ येते, मिस्त्री लोक ज्याला बॅक मारणे म्हणतात तसे. रिंगा झिजल्याचे ते लक्षण आहे. पण अजून ऑईल फारसे खात नाही, म्हणून त्या कामाला हात लावलेला नाही.

खरे दुखणे वेगळेच होते

टाकी उतरवायला मी गाडीखाली शिरलो होतो. तिथे उताणे पडल्या पडल्या मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली. बोट फिरवून वास घेतला तर हबचे ऑईल. ऑईलसील गळत होते आणि ते ऑईल ब्रेकच्या लायनरवर जात होते. म्हणून ब्रेकची नळी कुठून कशी जाते ते पाहू लागलो, तर डाव्या चाकाकडे जाणारी नळी मध्येच कापलेली. तिचे तोंड चेपून वर बोल्ट ठोकून बंद केले होते.

मी तसाच पडून राहिलो. म्हणजे असे झाले होते, की कधीतरी त्या चाकाचा व्हील सिलिंडर गळायला लागला आणि ब्रेक ऑईल संपू लागले. दुरुस्तीचे पैसे वाचवायला कुणीतरी ती नळीच बंद करून टाकली. मागच्या एका चाकाला ब्रेकच नाही. सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीत ते कळत नाही, गाडी जराशी एका बाजूला ओढते एवढेच. आणि या गाडीतून दोन हजार किलोंहून जास्त ओझे घेऊन माझा भाऊ आणि एकुलता एक पुतण्या रात्री माळशेज घाट उतरून गेले होते.

बाहेर आलो, हात पुसले आणि गाडीची किल्ली खिशात टाकली. भावाला खाली शिरून बघ म्हटले. त्याने पाहिले. वर येऊन म्हणाला, "दादा, उद्या तोडणी आहे. बाजार चांगला आहे. ही एक खेप मारतो, मग गॅरेजला लावतो. गेलो होतो की मागच्या वेळी." मी नाही म्हणालो. त्याचा आवाज चढला, "तुमचा पगार एक तारखेला येतोय. माझं टमाटं झाडावर थांबत नाही." त्याचे बोलणे खोटे नव्हते, म्हणूनच ते लागले. मीही नको ते बोललो, पाडव्यापासूनचे साठलेले. आई असती तर दोघांनाही उठवले असते.

शेवटी भावजय बाहेर आली. तिने नवऱ्याला काही म्हटले नाही. पुतण्याला म्हणाली, "शेजारच्या पिकअपवाल्याला फोन लाव. उद्याचा माल त्याच्या गाडीत नारायणगावला जाऊ दे, भाडं किती ते विचार." आणि मला, "किल्ली तुमच्याकडंच ठेवा दादा."

तीन दिवस गाडी आळेफाट्याला उभी राहिली. या खेपेस दुसरा मिस्त्री पाहिला आणि काम होताना पुतण्याला तिथे बसवले. मागचे दोन्ही व्हील सिलिंडर नवे, दोन्ही बाजूंचे लायनर नवे, दोन्ही ऑईलसील आणि नळी नवी. एका बाजूचे लायनर बदलून दुसऱ्या बाजूचे जुने ठेवू नयेत, ब्रेक दाबल्यावर गाडी वाकडी ओढते. ऑईलने भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवतात तेही करू नये. ते आतपर्यंत पिऊन बसलेले असते आणि तापले की पुन्हा बाहेर येते. जुने ब्रेक ऑईल सगळे काढून नवे भरले. हे ऑईल हवेतला ओलावा पिते, आणि ओलावा धरलेले ऑईल घाटात तापले की उकळून त्यात वाफ होते. मग पेडल कापसासारखे खाली जाते. दोन वर्षांनी ते बदलावे, मग दिसायला कितीही चांगले असो.

घरच्या घरी करण्यासारख्या दोन परीक्षा सांगतो. गाडी चालू ठेवून ब्रेकचे पेडल जोराने दाबून मिनिटभर तसेच धरावे. हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे, चाकाशी किंवा मास्टर सिलिंडरमध्ये. दुसरी, इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबून सोडावे, मग दाबून धरून गाडी चालू करावी. पेडल थोडेसे खाली गेले पाहिजे. नाही गेले तर बूस्टरला ओढ मिळत नाही. ज्या गाड्यांना हवेचे ब्रेक आहेत त्यांची तपासणी वेगळी, ती त्या कामाच्या माणसाकडूनच करून घ्यावी.

आणि घाटाबद्दल. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणारे, इंजिनच बंद करणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत. आमच्यासारख्या गाड्यांत ब्रेकच्या बूस्टरची ओढ इंजिनवर फिरणाऱ्या छोट्या पंपातून येते, आणि पॉवर स्टेअरिंग असेल तर तेही इंजिनवरच चालते. इंजिन बंद केले की दोन-तीन वेळा ब्रेक दाबेपर्यंत ओढ पुरते, पुढे पेडल दगडासारखे होते. घाट ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावा, आणि पायाने सतत ब्रेक घासत राहण्याऐवजी थोडा वेळ नीट दाबून सोडून द्यावा. तेवढ्यात ब्रेकचे ड्रम निवतात.

सगळे मिळून साडेअठरा हजार झाले, टाकीची सफाई, नवे झाकण, फिल्टर आणि इंजिन ऑईल धरून. शिवाय शेजाऱ्याच्या पिकअपचे तीन खेपांचे भाडे. आधीचे नऊ हजार वेगळे. जुनी गाडी घेणाऱ्याने किमतीचा दहावा हिस्सा तरी पहिल्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवून सौदा करावा, असे माझे मत झाले आहे. तेवढे उरत नसतील तर थोडी लहान गाडी घ्यावी.

कागदांचे थोडक्यात सांगतो. आमच्या गाडीच्या आरसी बुकावर आधीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा तसाच होता. एजंट म्हणाला होता, "होऊन जाईल." ते व्हायला चार महिने आणि माझ्या सहा चकरा गेल्या. बोजा उतरवायला वित्त कंपनीचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ लागतो, नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. विक्री झाल्यापासून तीस दिवसांत घेणाऱ्याने आरटीओला कळवायचे असते, आणि विमा आपल्या नावावर करायला चौदा दिवसांत अर्ज करायचा असतो. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीचे फिटनेस दर वर्षी करावे लागते, त्याची तारीख सौद्याआधी बघावी. आणि एवढे लक्षात ठेवावे की कापलेल्या ब्रेकनळीच्या त्या गाडीकडे चालू फिटनेसचा कागद होता. कागद बघावा, आणि चाकाखाली शिरूनही बघावे.

गाडी आता बरी चालते. पुतण्याने ती वही सोडलेली नाही. तारीख, किलोमीटर, किती डिझेल टाकले, काय आवाज आला, सगळे लिहितो. भाऊ आणि मी दिवाळीपर्यंत जेवढ्यास तेवढे बोलत होतो. भाऊबिजेनंतर मी निघालो तेव्हा त्याने काही न बोलता टोमॅटोचे एक क्रेट माझ्या गाडीत ठेवले, आणि म्हणाला, "सेल्फ मारला की कधी कधी नुसतं टक् करतंय. बॅटरी नवी आहे. काय असेल?" बॅटरीची टोके आम्ही दोघांनी तिथेच घासून पावडर काढली, पण टक् गेले नाही. पुढच्या खेपेला इंजिनापासून चासीला जाणारी अर्थिंगची तार सोडवून बघायची आहे.